ब्रेक दाबल्यावर गाडी मागं येती का?

वैनी,

तुम्हाला जाऊन आज अकरा दिवस झाले आणि या अकरा दिवसांत मी कुणाशी एकदाही कडाकडा भांडलो नाही. घरची माणसं काळजीत आहेत. काल दादा जवळ येऊन म्हणाला, "आरं, गप का हायस? ताप-बिप आलाय का तुला?" आता त्याला काय सांगू? अठ्ठावीस वर्षं ज्या माणसाशी वाद घातला तेच माणूस उठून गेलं. मागं राहिलं कोण? दादा? मी तोंड उघडायच्या आधी तो 'व्हय' म्हणून मोकळा होतो. त्याच्याशी काय डोंबलाचा वाद घालणार!

माणसं येतात, ओसरीवर बसतात, "लय चांगल्या हुत्या" म्हणतात आणि चहा पिऊन जातात. मला राग येतो. गेल्यावर सगळीच चांगली असतात, त्यात काय विशेष? तुम्ही हट्टी होतात. तुमचा चहा पाणचट असायचा. वादात मी जरा वरचढ व्हायला लागलो की तुम्हाला नेमकी तव्यावरची भाकरी आठवायची. आणि तुम्ही, माणच्या माळावरच्या मेंढक्याची पोरगी, बारावीला फिजिक्समध्ये एकदा आपटलेली, तुम्ही या उंब्रजच्या गोठ्यात बसून आसपासच्या नापास पोरींना वेग आणि त्वरण असं शिकवलंत की कॉलेजातले सर पोरींना विचारायचे, "तुमचा क्लास कुठला?" हे कुणी म्हणत नाही. म्हणतात काय, तर चांगल्या हुत्या.

माझ्याकडून तुम्हाला एक शब्द द्यायचा राहिला, वैनी. मॅडम. पोरी म्हणायच्या, त्यांचे आईबाप म्हणायचे, शेवटी शेवटी माझी बायकोसुद्धा चारचौघांत तुम्हाला मॅडम म्हणायला लागली होती. मी म्हटलं नाही. एकदाही नाही. आता म्हणायचं ठरवलं तर कुणाला म्हणू, अशी माझी पंचाईत झाली आहे आणि म्हणूनच हे लिहायला बसलोय. वळणदार लिहायची सवय नाही, ड्रायव्हर माणूस आहे, समजून घ्या.

तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा मी कऱ्हाडला अकरावी सायन्सला जात होतो. दहावीपर्यंत सगळं मराठीत शिकलो आणि अकरावीला एकदम इंग्रजीतली जाडजूड पुस्तकं हातात आली. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण शर्टाच्या खिशाला दोन पेनं लावून मी ऐटीत फिरत होतो. तुमच्या ट्रंकेत साड्यांच्या खाली तुमचं फिजिक्सचं पुस्तक होतं, हे मला आठव्या दिवशी कळलं. आईनं सगळ्या आळीला सांगितलं होतं, "सून बारावी शिकलीया." शिकलीया म्हणजे पास झालीया का, हे आईनं कुणाला विचारूच दिलं नाही. फिजिक्स राहिलं, घरच्यांनी स्थळ बघितलं आणि तुमची शाळा तिथंच थांबली, हे तुम्हीच मला सांगितलंत, अगदी सरळ, भाकरी थापता थापता.

माझा अकरावीचा फिजिक्सचा पेपर झाला तो दिवस मला कालच्यासारखा आठवतो. मी दुपारी घरी आलो. तुम्ही सोप्यात ज्वारी पाखडत होतात. म्हणालात, "भावजी, पेपर बगू." मी मोठ्या उपकारानं दिला. तुम्ही सूप खाली ठेवलंत, हात पदराला पुसलेत आणि एका गणितावर बोट ठेवलंत. गाडी वीस मीटर दर सेकंद या वेगानं चालली आहे. ब्रेक दाबल्यावर तिचा वेग दर सेकंदाला चार-चारनं कमी होतो. ब्रेक दाबल्यापासून आठ सेकंदांत ती किती अंतर जाईल?

"किती आलं?"

"बत्तीस मीटर." मी छाती काढून सांगितलं. पेपरात तेवढं एकच गणित मला पुरं सुटलं होतं.

तुम्ही बोटं मोजायला लागलात. "वीस, सोळा, बारा, आठ, चार, शून्य. पाच सेकंदात गाडी उबी ऱ्हायली. पन्नास मीटरवर. मंग उरल्याली तीन सेकंदं ती काय करती?"

"काय करणार? उभी राहणार."

"मंग तुमची बत्तीसावर कशी? पन्नासावर जाऊन अठरा मीटर म्हागारी कशी आली? ब्रेक दाबल्यावर गाडी मागं येती का हो भावजी?"

माझं डोकं फिरलं. मी ओरडलो, "सूत्रात आकडे घातले की बत्तीसच येतंय! सूत्र चुकलंय का मंग?"

तुम्ही सूप परत उचललंत. "सूत्र न्हाई चुकलं. सूत्राला काय ठावं, गाडी थांबली त्ये? त्येनं कुठं रस्ता बघितलाय? त्ये तुमाला ठावं पायजे." आणि पाखडायला लागलात.

मी आत जाऊन पाणी प्यालो आणि मोठ्यांदा म्हणालो, तुम्हाला ऐकू जाईल असं म्हणालो, की नापास बाई मला शिकवायला निघाली. पुढं निकाल लागला आणि मी फिजिक्समध्ये उडालो. त्या एका गणितानं घात केला असं मी आजवर गावभर सांगत आलोय. खोटं आहे ते. बाकीची सगळीच गणितं माझी चुकली होती. तुम्हाला हे माहीत होतं आणि तुम्ही कधी कुणाला सांगितलं नाहीत.

"जूनात परत पेपर हाय," तुम्ही म्हणालात. "तुमी अकरावीचा द्या, मी बारावीचा फॉर्म भरती. दोगं मिळून अभ्यास करू." मी हसलो. जून यायच्या आत ट्रकवर क्लीनर म्हणून निघून गेलो. तुम्ही मागं हटला नाहीत. आईची समजूत काढलीत, दादाचं काय, तो 'व्हय' म्हणाला. ट्रकवरून सुट्टी काढून फॉर्म आणायला तेवढा दहिवडीला, तुमच्या जुन्या कॉलेजात, मी गेलो होतो. हे मात्र मी सगळ्यांना सांगतो आणि दर खेपेला थोडं वाढवून सांगतो. आता तर त्या गोष्टीत मी भर उन्हात तीन कोस चालतो.

ऑक्टोबरात तुम्ही पेपर दिलात. निकालाचा कागद घेऊन तुमचे वडील आले. धोतर, घोंगडं, डोक्याला तांबडा पटका. पटक्याच्या घडीतून त्यांनी मार्कलिस्ट काढली आणि माझ्या हातात दिली. "बगा पावनं, काय लिवलंय." मी वाचलं. वैनी, खरं सांगतो, मला पहिल्यांदा हेवा वाटला आणि मग मी असा ओरडलो की शेजारची माणसं धावत आली. "वैनी पास झाली!"

आई म्हणाली, "कशात?" कारण आईच्या हिशेबानं तुम्ही लग्नाच्या आधीच पास होतात.

"फिजिक्समदी!"

"म्हंजी काय असतंय त्ये?" तुमच्या वडलांनी विचारलं. तुम्ही दारात उभ्या होतात, डोळे पाण्यानं भरलेले, आणि म्हणालात, "आबा, हिरीत धोंडा सोडला तर किती येळानं तळाला जाईल, त्येचं शास्त्र."

"त्येला शाळा कशापाई? मला इचारायचं की."

सगळे हसले, पण तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "आबांनीच शिकवलंय." मग सांगितलंत की लहानपणी मेंढरांमागं फिरताना प्रत्येक विहिरीत आबा आधी धोंडा सोडायचे आणि आवाज येईपर्यंत मोजायचे. माणच्या विहिरी खोल, कोरड्या. तीन म्हणेपर्यंत आवाज येत नसे. तीन सेकंद म्हणजे पंचेचाळीस मीटर, हे तुम्हाला फार नंतर कळलं, पण तीन म्हणजे इथं पाणी नाही, पुढं चला, हे पाचव्या वर्षीच कळलं होतं. आमच्याकडं आल्या आल्या तुम्ही आमच्या मळ्यातल्या विहिरीत खडा टाकला होतात, आठवतं? एक म्हणायच्या आत डुबुक वाजलं. तुम्ही माझ्याकडं बघून म्हणालात, "पाच मीटरवर पानी! लय सुखी हायसा तुमी, आन तुमाला त्येचा पत्त्या न्हाई." मला तेव्हा राग आला होता. पत्ता नव्हताच मला.

क्लास सुरू झाला तो माळ्यांच्या पोरीपासून. तिचं बारावीचं फिजिक्स राहिलं, घरात स्थळं बघायला लागले आणि ती रडत तुमच्याकडं आली. तुम्ही तिला पास केलंत, मग तिची मावसबहीण आली, मग कुणाकुणाच्या कोण आल्या. म्हशी विकल्यावर मोकळा पडलेला गोठा दादानं शेणानं सारवून दिला. भिंतीला काळा रंग मारला तो मी. हे मात्र वाढवून सांगत नाही, खरंच मी मारला.

तुमचा नियम जगावेगळा होता. बाकीचे क्लासवाले हुशार पोरं शोधत फिरतात. तुमच्याकडं यायचं तर नापासाची मार्कलिस्ट आणायची. कुणी म्हणालं, माझी पोरगी हुशार आहे, तिला घ्या, तर तुम्ही सांगायचात, "हुशार हाय तर मला कशाला तरास? दुसरीकडं घाला." पहिल्या दिवशी पोरीनं स्वतःचं चुकलेलं गणित फळ्यावर लिहायचं आणि खोडायचं नाही. तुम्ही विचारायचात, "ह्या उत्तरातली गाडी काय करती ते सांग." पोरगी लाजत सांगायची की मॅडम, माझ्या उत्तरात मोटारसायकल आवाजाच्या पुढं पळती. दुसरी सांगायची, माझा चेंडू जिमिनीत घुसतो. सगळा गोठा हसायचा, आणि हसता हसता पोरीची भीती जायची. ज्या पोरीनं घरी मार्कलिस्ट गादीखाली लपवली होती, ती इथं चार जणींत ती उघडून दाखवायची. मी बाहेर माझी फटफटी धूत ऐकायचो. धुतलेली फटफटी परत धुवायचो.

आणि गणित आधी घरच्या बोलीत सांगायचं. इंग्रजीतलं वाक्य वाचायचं, मग चुलीपुढं आईला सांगावं तसं सांगायचं. एकदा कोयनानगरची पोरगी आली होती, मी चालवायचो त्याच एसटीनं यायची. तिनं वाचलं, कार स्टार्ट्स फ्रॉम रेस्ट. तुम्ही म्हणालात, "म्हंजी काय झालं?" ती ठामपणे म्हणाली, "गाडी रेस्ट हाऊसवरनं निगाली." धरणावर साहेब लोक उतरतात ना, ते रेस्ट हाऊस. मी बाहेर बादलीत हसलो. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "बरुबर हाय. रेस्ट हाऊसवर गाडी काय करती?" "उबी असती." "मंग तिचा सुरवातीचा वेग?" "शून्य." "झालं की! घावला का न्हाई लपल्याला शून्य?" प्रत्येक गणितात एक शून्य लपलेला असतो, हे तुमचं लाडकं वाक्य. सुटली म्हटलं की सुरुवातीला शून्य, थांबली म्हटलं की शेवटी शून्य. आधी त्याला धरायचा, मग बाकीच्यांना.

दुसरी एक म्हसवडकडची. तिच्या गणितात बॉडी वर फेकली होती. तिचं तोंड एवढंसं झालं. म्हणाली, "मॅडम, मढं कशाला वर फेकत्यात?" आपल्याकडं बॉडी म्हटलं की दवाखान्याच्या दारातली गाडीच डोळ्यांपुढं येते, तिचं काय चुकलं? तुम्ही म्हणालात, "न्हाई गं बाई. हितं बॉडी म्हंजी कायबी. धोंडा, चेंडू, भावजींची गाडी, मी, तू. जिला रेटा लागतो ती बॉडी."

मी एसटीत नोकरीला लागलो, लाल गाडी हातात आली आणि तुमच्या गणितांत मी शिरलो. 'दत्ता ड्रायव्हरची गाडी उंब्रजच्या स्टँडवरून सुटली' असं तुमच्या निम्म्या गणितांचं पहिलं वाक्य. पोरी माझ्या गाडीत चढल्या की खुसुखुसू हसायच्या. एक धीट पोरगी केबिनजवळ येऊन म्हणाली होती, "काका, आज ब्रेक दाबल्यावर गाडी मागं येणार का?" गाडीतली सगळी माणसं बघायला लागली. माझी इभ्रत तुम्ही पाटणपासून कोयनेपर्यंत अशी पातळ केली होतीत, वैनी. त्याचा मला एवढा अभिमान वाटायचा की स्टँडवरच्या कॅन्टीनमध्ये मीच लोकांना सांगायचो, माझ्यावर गणितं आहेत म्हणून.

पण एक दिवस मी जिंकलो, आठवतं? कोयनेच्या वाटेवर चढाला माझा गिअर पडला नाही. चूक माझीच. गाडी चढता चढता मंद झाली, थांबली आणि ब्रेक लागायच्या आत हातभर मागं आली. घरी आल्या आल्या मी चपला न काढता गोठ्यात घुसलो. "वैनी! माझी गाडी आज मागं आली! काय म्हणणं हाय आता?"

मला वाटलं तुमचा चेहरा पडेल. तुम्ही तर खडू टाकून टाळ्या वाजवल्यात! "खरंच? किती मागं आली? थांबली तवा पोटात कसं झालं?" आणि तिथंच नवं गणित फळ्यावर. दत्ता ड्रायव्हरची गाडी दहाच्या वेगानं चढाला लागली, गिअर नाही, ब्रेक नाही, दर सेकंदाला वेग एकानं कमी. बारा सेकंदांनी कुठं असेल? दहा सेकंदांत पन्नास मीटर वर, पुढच्या दोनमध्ये दोन मीटर खाली. अठ्ठेचाळीस. "बगा गं, सूत्र तेच. सपाटीला ब्रेक दाबला तर त्येचं उत्तर खोटं, चढाला सोडून दिली तर त्येचंच उत्तर खरं. का?" पोरी तासभर भांडल्या. खाली तुम्ही कंसात लिहिलं होतंत : 'चालकाने असे करू नये.' ते वाक्य आजही त्या भिंतीवर आहे, कुणी पुसत नाही.

तिथून आपला मोठा वाद सुरू झाला. चढावर गाडी वर जायची थांबली, अजून खाली यायला लागली नाही, त्या टिपेच्या क्षणाला काय काय शून्य असतं? मी म्हणायचो, सगळंच. थांबली म्हणजे थांबली. तुम्ही म्हणायचात, वेग शून्य, पण वेगाला खाली ओढणारं चालूच असतं. "ते बी शून्य असतं तर गाडी तिथंच लटकून ऱ्हायली असती. मंग मागं कुणी वढलं तिला, मी?" तेवढ्यावर वाद सोडतो की काय मी! दिवाळीला, जत्रेला, माझ्या पोरीच्या बारशाला, जेवणाच्या पंगतीत आपण तो काढायचो. आई कपाळावर हात मारायची.

आता जे लिहायचंय ते मला टाळायचं होतं. पण तुम्ही चुकलेलं गणित फळ्यावर लिहायला लावायचात, तेव्हा लिहितो.

माझी ऋतुजा दहावी झाली तेव्हा बायको म्हणाली, थोरल्या जाऊबाईंकडंच बसू दे की फिजिक्सला, घरचा क्लास आहे. मी म्हणालो, "बारावी पास बाईकडं? तिथं नापास पोरी जात्यात. माझ्या पोरीला मी सांगलीला खऱ्या सरांकडं घालतोय." तुम्ही मागच्या दारात होतात. हातात आमच्यासाठी आणलेली अंबाडीची भाजी होती. तुम्ही ऐकलंत, मी बघितलं तुम्ही ऐकलंत ते. तुम्ही भाजी ठेवलीत आणि म्हणालात, "सांगलीत चांगलं शिकवत्यात." दुसऱ्या आठवड्यात ऋतुजाची वळकटी तुम्हीच बांधून दिलीत. मी मान वर केली नाही.

पुढं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. सांगलीचे सर चांगलेच होते, त्यांना दोष नाही. पण माझी पोरगी दोनशे जणांत मागच्या बाकावर बसली, विचारायला लाजली आणि बारावीला फिजिक्समध्ये उडाली, बापासारखी. तीन दिवस खोलीतून बाहेर आली नाही. चौथ्या दिवशी मला न विचारता मार्कलिस्ट घेऊन तुमच्या गोठ्यात गेली. "थोरली आई, ही माझी मार्कलिस्ट." घरची पोरगी म्हणून तुम्ही तिला एकही गोष्ट माफ केली नाहीत. तिलाही चुकलेलं गणित फळ्यावर लिहायला लावलंत, तिलाही सगळ्या हसल्या. पुरवणी परीक्षेत ती पास झाली, बीएस्सी झाली, आज सांगलीतच एमएस्सी करते, आणि विषय फिजिक्स. ती पास झाली त्या दिवशी तुम्ही स्वतः पेढा आणून माझ्या तोंडात घातलात. तेव्हाच म्हणायचं होतं. मॅडम, चुकलो. तोंडात पेढा होता, मला तेवढं निमित्त पुरलं. थू माझ्या जिनगानीवर!

तुम्ही मात्र तुमचं वागणं तसूभर बदललं नाहीत. दर जूनला नवी बॅच आली की ओसरीवरून हाक मारायचात, "भावजी, तुमचं अकरावीचं ऱ्हायलंय. मार्कलिस्ट हाय न्हवं? मंग या की, जागा हाय." मी म्हणायचो, "आता काय म्हातारपणी!" तुम्हाला वाटायचं मी आळसानं येत नाही. मी लाजेनं येत नव्हतो, वैनी. ज्या क्लासला मी नावं ठेवली तिथं कुठल्या तोंडानं बसू?

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात मी रोज ड्युटी संपली की यायचो. तुम्हाला बोलताना धाप लागायची, तरी तुम्ही विचारलंत, "काय भावजी, टिपेला सगळंच शून्य का अजून?" मी म्हणालो, "सगळंच शून्य!" तुम्ही हसलात. मला तेव्हा तुमचं म्हणणं कधीच पटलेलं होतं. वीस वर्षांपूर्वीच पटलेलं होतं. पण मी जर 'मान्य' म्हटलं असतं, तर तुम्ही ओळखलं असतं की भावजींनी आशा सोडली. म्हणून नाही म्हटलं. आज लिहून देतो, सहीनिशी : वेग शून्य असला तरी ओढ शून्य नसते. तुम्ही बरोबर होतात.

आणि तुम्ही गेलात त्या सकाळी दवाखान्यातला माणूस वही घेऊन आला आणि म्हणाला, "बॉडी कवा हलवताय?" मला म्हसवडची पोरगी आठवली आणि मी तिथं, त्या गॅलरीत, हसलो. मोठ्यांदा हसलो. लोक बघायला लागले, दादानं मला धरून बाकड्यावर बसवलं आणि मग मला रडू आलं ते आवरेना. मी त्या माणसाला सांगत होतो, "आवं, बॉडी म्हंजी कायबी असतंय. धोंडा बी असतोय." त्याला काय कळणार!

पोरींची परीक्षा तीन आठवड्यांवर आलेली. सुतकात क्लास कसा भरवायचा म्हणून भावकीतल्या थोरांनी नापसंती दाखवली. आम्ही सगळे दादाकडं बघायला लागलो. तो 'व्हय' म्हणणार हे ठरलेलंच. दादा म्हणाला, "न्हाई. क्लास बंद न्हाई करायचा." एवढंच. जन्मात पहिल्यांदा त्याच्या तोंडून 'न्हाई' ऐकलं मी. त्यानं स्वतः जाऊन गोठा झाडला. सांगलीहून आलेली ऋतुजा तुमच्या जागी उभी राहिली. तुमचा पदर नाही तिच्याकडं, जीन्स आहे, पण गणित घरच्या बोलीत सांगायला लावते, आणि पोरी हसल्या की स्वतः हसत नाही. तुम्ही बघायला पाहिजे होतं.

आज सकाळी मी लायसन्सच्या पिशवीच्या तळातून माझी अकरावीची मार्कलिस्ट शोधून काढली. घड्यांवर फाटली आहे, पण नापास नीट वाचता येतं. आंघोळ केली, ड्युटीवर जाताना घालतो तसा इस्त्रीचा शर्ट घातला आणि गोठ्यात जाऊन शेवटच्या रांगेत पोरींच्या मागं बसलो. पोरींनी माना वळवल्या. ऋतुजानं माझ्याकडं बघितलं, काही विचारलं नाही, तुमची नावं लिहायची वही घेऊन सरळ माझ्यापुढं आली. मी कागद पुढं केला. तिनं तो उघडून वाचला, परत घडी घातली.

"नाव?"

"तुला ठावं न्हाई व्हय?"

"हितं सगळ्यांना इचारत्यात, पप्पा."

सांगितलं. तिनं लिहिलं. मग विषय, मग साल. मग शेवटचा रकाना आला, तुमच्याच हातानं आखलेला.

"ह्याच्या आधी कुणाकडं शिकलाय?"

"वैनीकडं," मी म्हणालो.

तिचं पेन थांबलं. "नाव लिवायचं असतंय."

अठ्ठावीस वर्षं एका घरात राहून मी तुमचं नाव कधी घेतलं नव्हतं, वैनी. थोरल्या भावजयीचं नाव घ्यायची आपल्यात रीत नाही, आणि मला तशी गरजही पडली नाही. वीस-बावीस पोरी माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मी उभा राहिलो.

"शालन मॅडम," म्हणालो.